जुन्या धाटणीचा नवा स्पीकर

ती. दादाच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकली असं समज, आशीर्वाद मात्र निम्मा करू नकोस.) इकडे सर्व क्षेम. वहिनींचा गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? तुझी साखर काय म्हणते? तू पथ्य पाळतोस यावर माझा विश्वास नाही, वहिनी तुला ते पाळायला लावतात यावर आहे. दुकान मुलाच्या हाती सोपवून तू आराम करतोस हे उत्तम, पण रोज सकाळी तिथे जाऊन होल्डर आणि स्विचच्या खोक्यांवरची धूळ झटकण्याला आराम म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. असो. थोरल्याला शिकवू नये.

पत्राचं कारण सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझी पार्श्वभूमी कारणापेक्षा नेहमीच लांबते हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा चहा घेऊन बस. (बिनसाखरेचा.)

आमच्या वाद्यवृंदात मी पहिल्या दिवसापासून गिटार वाजवतो. माझ्याबरोबरची मंडळी एकेक करून गेली. कुणी घरी, कुणी देवाघरी, आणि कुणी सरळ दुसऱ्या वाद्यवृंदात (तिन्हींत मी यालाच सर्वांत वाईट समजतो). आता मी सोडून सगळे तरुण. वाद्यवृंद चालवणारा तर माझ्या मुलीच्या वयाचा. तालीम थांबवायची असली की तो एक सणसणीत टाळी देतो, म्हणून त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला टाळीमास्तर म्हणतो. गुणी आहे. मला काका म्हणतो, माझं सामान स्वतः उतरवून घेतो, आणि माझी काही चूक झाली तर लेकी बोले सुने लागे या न्यायाने आधी ड्रमवाल्याला झापतो. वार्षिक कार्यक्रमाच्या पहिल्या तालमीत त्याने अशीच टाळी दिली, पण ड्रमवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ येऊन बसला. काका, राग मानू नका, म्हणाला, पण तुमच्या गिटारचा आवाज टोचतो. गेले काही महिने टोचतोय. गाणारी मुलगी तुमच्या बाजूला उभी राहायला तयार नाही. स्पीकर म्हातारा झाला असणार. तो बदला, नाहीतर या वेळी गिटारला मला दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल. स्पीकर म्हातारा झाला असणार, हे वाक्य त्याने फार हळुवारपणे उच्चारलं. मी ते स्पीकरबद्दलच घेतलं.

दादा, सकाळी मुलांना गिटार शिकवतो ते पोटासाठी. त्या मुलांना तीन सूर धड लागले की ती शिकवणी सोडून जातात. पण वाद्यवृंदातल्या त्या खुर्चीवर बसलो, दिवे लागले, की मी कुणीतरी असतो. ती खुर्ची गेली तर उरतो तो कोथिंबीर विसरून येणारा एक म्हातारा. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की काय वाटेल ते झालं तरी कार्यक्रमाच्या आत नवा स्पीकर बसवायचा आणि तोही असा की टाळीमास्तराने टाळी फक्त कौतुकासाठी वाजवावी.

माझा अ‍ॅम्प्लिफायर तुला आठवत असेल. जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, लाकडी खोक्याचा, जो जिन्यावरून चढवताना तू मला विचारलं होतंस की यात कुणाला भरून आणलंयस का. त्याच्या पोटात एक बारा इंची स्पीकर आहे. मागे लोहचुंबक, पुढे कागदाचा शंकू, कागद थरथरला की आवाज होतो. बाकी या विषयावर लोक जे बोलतात ती सगळी बडबड. (ती मीही पुष्कळ केलेली आहे.) तसले स्पीकर करणं कारखान्यांनी कधीच बंद केलं होतं. मग लोकांना त्यांची आठवण येऊ लागली, म्हणून आता जुन्या धाटणीचे नवे स्पीकर निघाले आहेत. परवा कारखान्यातून बाहेर पडलेला असतो, पण लेबल मुद्दाम पिवळट छापलेलं, पत्र्याला मुद्दाम मळका रंग, आणि आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा असल्याची हमी. खरा जुना फुकट दिला तरी भंगारवाला दहा वेळा उलटसुलट करून बघतो. जुन्यासारखा नवा असला की रांग लागते. आपण दोघं या हिशेबाने भलत्याच रांगेत उभे आहोत.

आमच्याकडे स्पीकर दुरुस्त करणारा एकच माणूस उरला आहे. फाटलेले कागद बदलून देतो म्हणून त्याचं नाव कागदवाला. दुकान चार माणसं आत गेली तर पाचव्याने बाहेर श्वास घ्यावा एवढं. छताला कागदी शंकू टांगलेले, जमिनीवर तारांची भेंडोळी, आणि सगळीकडे त्या चिकटवायच्या रसायनाचा वास (तिथून बाहेर पडल्यावर मी काही वेळ उगीचच खूश असतो). या माणसाला आवाजाबद्दल बोलताना खाण्याचेच शब्द सुचतात. त्याने माझ्यापुढे तीन स्पीकर मांडले. पहिल्याचा चुंबक अगदी जुन्या प्रकारचा, अल्निको म्हणतात त्या धातूचा. हा म्हणे सायीसारखा. दुसऱ्याच्या पाठीला जात्याच्या तळीएवढी काळी जड चकती. हा खरपूस, कडेने भाजलेला. तिसऱ्याच्या कागदात तागाचे धागे घातलेले. हा मुरलेला, जिभेवर रेंगाळणारा. मी विचारलं, यात टोचणारा कुठला? तर तो दुखावला. त्याची मुलगी माझ्याकडे गिटार शिकते म्हणून त्याने तिन्ही स्पीकर आठवडाभर घरी न्यायला दिले. आवडेल तो ठेवा, उरलेले ओरखडा न उठवता परत आणा, या बोलीवर. घरी आल्यावर मी हिला तिघांचे गुण सांगितले. ही म्हणाली, तुम्ही दुकानात गेला होतात की पंगतीला?

आता, नवा स्पीकर आणल्या आणल्या ऐकायचा नसतो. नव्या चपलेसारखा तो आधी रुळवावा लागतो. कागदाचा ताठा जाईपर्यंत त्याला तासन्‌तास काहीतरी वाजवत ठेवायचं. म्हणून मी एका खर्जाच्या सुराचं रेकॉर्डिंग केलं, तिन्ही स्पीकर न्हाणीघरात पालथे ठेवले, आळीपाळीने एकेकाला तो सूर लावायचं ठरवलं, वर दोन गाद्या टाकल्या, दार लावलं आणि शिकवणीला बसलो. गादीतून आवाज बाहेर येत नव्हता हे खरं. तो खाली जात होता. आमच्या खालच्या मजल्यावर पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. पंपाचा आवाज ओळखण्यात त्यांची हयात गेली. नळांतून आणि भिंतींतून अखंड घूंऽऽ ऐकल्यावर त्यांनी निदान केलं की टाकी कोरडी असून पंप नुसताच फिरतोय, आता जळणार. ते तडक खाली गेले, पंप बंद केला, कुणी चुकून चालू करू नये म्हणून फ्यूज काढून खिशात टाकला आणि (जबाबदार माणूस) फ्यूज खिशात असल्याचं विसरून बहिणीकडे राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी सबंध इमारत कोरडी. लोक बादल्या घेऊन जिन्यावर. आणि दादा, मी सगळ्यांच्या पुढे होतो. निष्काळजीपणाबद्दल मी तिथे जे बोललो ते ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हायची गळ घातली. संध्याकाळी इंजिनिअरसाहेब परत आले, फ्यूज लागला, पाणी चढलं, तरी घूंऽऽ चालूच. मग ते भिंतीला तळहात लावत लावत एकेक मजला चढले आणि आमच्या न्हाणीघराच्या दाराशी थांबले. पुढचं सांगत नाही. सेक्रेटरीपद गेलं एवढं लिहितो. इंजिनिअरसाहेब मात्र मोठ्या मनाचे. गाद्या उचलून त्यांनी तिघांकडे पाहिलं आणि म्हणाले, यातला कालचा कुठला? भरीव होता.

असे तिघं रुळल्यावर रविवारी दुपारी परीक्षा ठेवली. कागदवाला स्वतः आला, कारण त्याच्या मते त्याचे स्पीकर बघायला मी पात्र होतो, ऐकायला नाही. (हे तो चेष्टेने म्हणाला होता.) आमच्या धंद्यात स्पीकर ताडून बघायची एक रीत आहे. वाजवणाऱ्याने अ‍ॅम्पकडे पाठ करून बसायचं, तारा दुसऱ्याने बदलायच्या, आणि कुठला लागला आहे हे सांगायचं नाही. कारण डोळ्यांना किंमत कळली की कानांना ती लगेच पटते. मी खिडकीकडे तोंड करून गिटार घेऊन बसलो. तारा बदलायला ही. तीन नवे, आणि तुलनेला म्हणून चौथा माझा जुना. ट्रेबलचं बटण (आवाजातला बारीक, उंच भाग वाढवतं ते) मी माझ्या नेहमीच्या जागी ठेवलं होतं, म्हणजे जवळजवळ शेवटाला.

पहिल्याला मी म्हणालो, गोधडीखालून बोलतोय. दुसऱ्याला, पडसं झालंय. तिसरा म्हणजे कपाटात कोंडलेला माणूस. प्रत्येक वेळी मी हिला सांगत होतो, ट्रेबल अजून वाढव, धार येऊ दे. आमच्या ओट्यावरची भांडी किणकिणायला लागली म्हणे. मी एकदा मागे वळून पाहिलं तर कागदवाला डोळे मिटून, मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. मला वाटलं रंगलाय. चौथाही मला त्याच गोधडीतला वाटला. मग मला अ‍ॅम्पच्या कोपऱ्यातला खटका आठवला. तो वर केला की आवाजाला धार येते, खाली केला की जाते. फरक असा की पाठ करून बसलेला माणूस दचकावा. मी म्हटलं, तो खटका वर कर. ही म्हणाली, केला. मी वाजवलं आणि म्हणालो, वा! हे बघ, आता कुठे उघडला! याला म्हणतात जुना आवाज!

मग ही म्हणाली, अहो, वरच होता तो. मी खाली केलाय.

मी हसलो. म्हटलं, पुन्हा कर. तिने पुन्हा केला. वर की खाली? मी म्हटलं वर. ती म्हणाली, खाली. पुन्हा. खाली? वर. असं आम्ही किती वेळ करत होतो कोण जाणे. कधी माझं बरोबर यायचं, पण नाणं उडवलं असतं तरी तेवढं आलंच असतं. शेवटी मी वळून पाहिलं तेव्हा कागदवाल्याने माझ्याकडे बघायचं थांबवलं होतं. तो एक तार गुंडाळत होता, जी आधीच गुंडाळलेली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, बाकी अ‍ॅम्प किती शांत आहे बघा, पूर्वी नुसता चालू ठेवला तरी सूंऽऽ करायचा. ही म्हणाली, आत्ताही करतोय. मी उठलो, अ‍ॅम्पच्या जाळीला कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. कापडाचा खरखरीतपणा कानाला लागला, आवाज नाही लागला. दादा, त्या सूंऽऽवर मी आयुष्यभर वैतागलेला आहे. किती व्हॉल्व्ह बदलले, किती तारा जोडल्या. आणि तो बिचारा आहे तिथेच होता. मीच निघून आलो होतो आणि मला निघाल्याचं कळलं नव्हतं.

कागदवाला समजूतदार. त्याने तिन्ही स्पीकर पोत्यात घातले आणि हवा दमट आहे, आज कुणालाच नीट ऐकू यायचं नाही, असं म्हणून गेला. (बाहेर कडकडीत ऊन होतं.)

तो गेल्यावर मी हिला विचारलं, तुला अजून काय काय ऐकू येतं? असा प्रश्न बायकोला लग्नानंतर इतक्या वर्षांनी विचारावा लागेल असं वाटलं नव्हतं. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. फ्रिज आहे. बाहेरच्या खोलीतली दिव्याची नळी आहे, ती गुणगुणते. खिडकीच्या गजावर बारकी पाखरं येतात ती आहेत. कुकरची शिट्टी मलाही ऐकू येते, पण शिट्टीआधी तो बराच वेळ सूंसूं करत असतो म्हणे. आणि ती स्वतः आहे. स्वयंपाकघरातून ती मला काहीबाही सांगत असते म्हणे. माझ्याकडून उत्तर आलं नाही की ती समजते, यांना पटलेलं दिसतंय. मी तिला म्हणालो, मला वाटत होतं मुलगी सासरी गेल्यापासून घर शांत झालंय. ती म्हणाली, घर काही शांत झालेलं नाही. एवढंच म्हणाली. मग निवडलेली भाजी पाण्यात टाकून म्हणाली, मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही बोलले नाही.

मला फार वाईट वाटलं, दादा. घाबरलोही. हाताचं बोट गेलं असतं तर निदान दिसलं तरी असतं. मी दरवेळी ट्रेबल थोडं वाढवत गेलो, कारण मला आवाज पूर्वीसारखा हवा होता. आणि माझा पूर्वीसारखा झाला की दुसऱ्यांचे दात शिवशिवायचे. ती बिचारी गाणारी मुलगी माझ्या बाजूला उभी राहीना यात नवल काय. आणि मी सगळा दोष एका कागदाच्या शंकूवर टाकून मोकळा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शिकवणीतल्या पोरांना रोज ऐकवतो.

पण तालीम तोंडावर होती आणि रडत बसायला वेळ नव्हता. ही म्हणाली, तुम्ही वाजवा, मी ऐकते. मग आम्ही उलटी रीत काढली. मी गिटार घेऊन बसलो, ही अ‍ॅम्पपुढे वेताचा मोडा घेऊन, आणि बटणं फिरवली तिने. तिला संगीतातलं कळत नाही असं मी चारचौघांत कितीदा म्हटलेलं आहे. तिने ट्रेबल खाली आणलं, अजून खाली, मी ओरडतोय की अगं आवाज मेला, आणि ती म्हणतेय की गप्प बसा, आत्ता कुठे चावायचा थांबलाय. एका जागी ती थांबली. म्हणाली, हा. हा तुमचा आवाज. लग्नानंतर तुम्ही वाजवायचात तो हा. मुलीच्या खणात राहिलेली नेलपॉलिशची बाटली तिने आणली आणि प्रत्येक बटणाशी, जिथे ते हवं तिथे, एकेक लाल ठिपका दिला. खटका खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावली. अ‍ॅम्पच्या पोटात स्पीकर जुनाच. तो बदललाच नाही, कारण त्याला काही झालेलं नव्हतं.

तालमीला गेलो. लाल ठिपक्यांवर बटणं लावली आणि बसलो. माझं मला असं ऐकू येत होतं की शेजारच्या इमारतीत कुणीतरी गादीवर बोटं आपटतंय. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा हात आपोआप ट्रेबलकडे गेला. ठिपका दिसला म्हणून मागे घेतला. पट्टीवर बोटं कुठे ठेवायची हे बोटांना माहीत आहे. सूर लागला की नाही हे लाकूड छातीला सांगतं. तेवढ्या भांडवलावर वाजवत राहिलो. गाणं संपलं. टाळीमास्तराने टाळी दिली. मी खाली बघत गिटार पिशवीत घालायला लागलो होतो. तो आला, वाकला, आणि म्हणाला, काका, कुठला बसवलात हो? गाणारी मुलगी तुमच्याच बाजूला उभी राहीन म्हणतेय. मी म्हणालो, जुन्या धाटणीचा आहे. यात एक अक्षरही खोटं नाही.

तर खुर्ची राहिली. कार्यक्रम येत्या शनिवारी आहे. मी वाजवणार, ते बाकीचे ऐकणार, आणि ही पहिल्या रांगेत बसून, टोचायला लागलं तर नाक खाजवणार असं ठरलं आहे. आनंद झाला का विचारशील तर झाला. पण वेगळाच. लोक छान म्हणतात तो आवाज मला ऐकू येत नाही आणि मला जो छान वाटतो त्याने त्यांचे कान फुटतात. यापुढे माझं वाजवणं मला दुसऱ्यांच्या तोंडांवर वाचावं लागणार. आधी वाटलं हे कसलं वाजवणं. मग वाटलं, निदान आता वाजवताना मान वर करून लोकांकडे बघावं तरी लागेल. इतकी वर्षं मी फक्त अ‍ॅम्पकडे बघत होतो. कानाच्या डॉक्टरांची वेळ हिने घेऊन ठेवली आहे. मी कार्यक्रमानंतर जाईन म्हणतो. ही आधी म्हणते. बघू कुणाचं कुणाला ऐकू येतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आणखी वाढवायचा तर माझ्या ट्रेबलसारखा वाढवू नकोस, बेताने वाढव.

तुझा,
धाकटा

ता. क. – टाळीमास्तराला स्वतःच्या अ‍ॅम्पला अगदी तसाच स्पीकर हवा आहे. कुठून आणला म्हणून तो हात धुऊन मागे लागला, तेव्हा तुझं विजेच्या सामानाचं दुकान आहे हे आठवून मी तुझं नाव सांगितलं. तो दुकानावर चौकशी करेल. शेवटचा होता, संपला, एवढंच सांग. फार खोलात शिरू नकोस. तुला खोटं पचत नाही, चेहऱ्यावर येतं.

ता. क. दुसरा – वर तिन्ही स्पीकरांबद्दल मी जी मतं मांडली आहेत ती रद्द समजावीत. कागदवाल्याने तिन्ही विकले. मी ज्याला कपाटात कोंडलेला माणूस म्हणालो त्याच्या गिऱ्हाइकाने दुकानात पेढ्यांचा पुडा आणून दिला.

ता. क. तिसरा – हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. लिहिता लिहिता धीर गोळा होईल म्हणून एवढं लांबवलं. मागच्या महिन्यात तुझा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तू आवाज खाली आणलास आणि काहीतरी सांगायला लागलास. बराच वेळ सांगत होतास. दादा, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायला संकोच वाटला, म्हणून तू थांबल्यावर मी हसून म्हणालो, वा, छान झालं! त्यावर तू नुसतंच बरं, ठेवतो म्हणालास. तेवढं मात्र ऐकू आलं. त्यानंतर तुझा फोन नाही. काय सांगत होतास ते लिहून कळव. जे असेल ते, आणि सगळं. अक्षर मोठं काढायची गरज नाही, डोळे अजून शाबूत आहेत.